सावलीत माती वाळवणाऱ्या आत्या

पहिल्याच दिवशी आत्यांनी मला नखं दाखवायला सांगितली.

मी पदवीची प्रमाणपत्रं एका फाइलमध्ये नीट लावून नेली होती. सांगलीकडून इतक्या लांब वाराणसीला नोकरीवर रुजू व्हायचं म्हणून नवी साडी नेसले होते. माती तपासण्याच्या त्या प्रयोगशाळेत ज्यांच्यासमोर मला उभं केलं, त्या बाई टेबलावरच्या मातीच्या ढिगात बोट घालून काहीतरी बघत होत्या. माझ्या फाइलकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. "हात पुढे कर," म्हणाल्या. मी केले. "नखं काप आधी. तुझ्या नखांत एकाचं शेत अडकेल आणि दुसऱ्याच्या रिपोर्टात जाऊन पडेल." आणि ड्रॉवरमधून नेलकटर काढून माझ्या हातात दिलं. नोकरीतलं माझं पहिलं काम म्हणजे कचऱ्याच्या डब्यावर वाकून नखं कापणं.

"हो बाई," मी म्हणाले. आमच्याकडे शिक्षिकेला, साहेबीणबाईंना बाईच म्हणतात. खोलीतले दोघे कारकून एकमेकांकडे बघून हसले. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"इथे बाई नको म्हणूस. या शहरात त्याचा मतलब वेगळा होतो. आत्या म्हण."

"कुणाच्या आत्या?" मी गोंधळून विचारलं.

"ज्याला वेळेवर जेवायला यायचं असेल त्याच्या. आज घरी ये. वहिनीने भरली वांगी केलीत."

प्रयोगशाळेचा शिपाई, औषधं पोचवणारा माणूस, दूरदूरच्या गावांतून पिशव्या घेऊन येणारे शेतकरी, सगळे त्यांना बुआजी म्हणत, म्हणजे हिंदीत आत्याच. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण त्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

उंच, सडसडीत, सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांचं घर दुर्गाघाटावर. कितीतरी पिढ्यांपूर्वी मंडळी साताऱ्याकडून पौरोहित्यासाठी आली आणि इथलीच झाली. घरात मराठी, पण हिंदीत बुचकळून काढलेली. आत्यांना गुस्सा यायचा, फुरसत नसायची, आणि एखादी गोष्ट पसंत पडली नाही की त्या "बिलकुल फालतू" म्हणायच्या. मी कृषी महाविद्यालयातलं मराठी बोलले की मात्र कान टवकारायच्या. एकदा मी स्फुरद म्हणाले.

"काय म्हणालीस?"

"स्फुरद. फॉस्फरस."

"स्फुरद!" त्या दिवसभर तो शब्द घोळवत बसल्या. "अगं, किती छान! म्हणजे खाल्लं की पीक स्फुरण चढून उभंच राहायचं." त्या दिवसापासून त्यांच्या हिंदी बोलण्यातसुद्धा स्फुरद येऊ लागला. शेतकरी बिचारे हे कुठलं नवीन खत म्हणून दुकानात विचारत फिरायचे.

घराण्यात कुणी कधी नांगर धरला नव्हता. मग ही मुलगी मातीत कशी गेली, हे मी एकदा विचारलं होतं. लहानपणी वडिलांबरोबर त्या एका यजमानांच्या गावी गेल्या होत्या. तिथे पांढरंफटक रान पसरलेलं, गवताची काडीसुद्धा नाही. लोक म्हणाले, या जमिनीला शाप आहे. वडिलांनी शांत केली, होम केला. पुढे कॉलेजात एका तासाला शिक्षकांनी सांगितलं की अशी खारट झालेली जमीन जिप्समने सुधारते. "मला इतकं हसू आलं," आत्या म्हणाल्या. "ज्याला अख्खं गाव शाप म्हणत होतं, त्याला औषध आहे, आणि ते पोत्यात मिळतं! बाबांना घरी येऊन सांगितलं. वाटलं रागावतील. ते म्हणाले, मग माझा होम कशाला, तूच जा पुढच्या वेळी."

आणि त्या गेल्या. आयुष्यभर जातच राहिल्या.

मातीचा नमुना कसा घ्यायचा याबाबतीत त्यांच्याइतकं खाष्ट माणूस मी पाहिलेलं नाही. बांधाजवळची माती नको, झाडाखालची नको, जिथे शेणखताचा ढीग पडून होता तिथली नको. शेतात नागमोडी चालायचं, ठिकठिकाणी इंग्रजी व्हीसारखा खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची बोटभर जाड चकती काढायची, सगळं एकत्र कालवायचं, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेलं पुन्हा कालवायचं, ओंजळभर राहीपर्यंत. कुणी घराच्या दारातली माती उचलून आणली की आत्यांना न सांगता कळायचं. "हा शेताचा नमुना नाही, तुझ्या आळसाचा आहे," असं त्या हिंदीत त्याच्या तोंडावर सांगायच्या आणि परत पाठवायच्या. आधी चहा पाजायच्या, मग पाठवायच्या.

लोखंडी पत्र्याची बादली त्यांना चालायची नाही. तिच्यावरचं जस्त मातीत उतरतं आणि जस्ताची तपासणी खोटी येते. म्हणून त्या निळी प्लास्टिकची बादली घेऊन गल्लीतून निघायच्या. एकदा नावेत एका यात्रेकरू बाईने त्या बादलीला नमस्कार केला. तिला वाटलं गंगाजल चाललंय. आत्यांनी गंभीरपणे बादली तिच्यापुढे धरली. "करा, करा. यात चुनारचं वाटाण्याचं शेत आहे."

भाजीबाजारात मात्र त्यांच्याबरोबर जाणं संकट होतं. वाटाण्याची शेंग फोडायच्या, दाणा चावायच्या आणि "हा गंगेपलीकडचा, गाळाच्या जमिनीतला," असं ठणकावून सांगायच्या. भाजीवाला म्हणायचा, "नाही बुआजी, हा तर मिर्झापूरचा." निम्म्या वेळा त्या चुकायच्या. पण पुढच्या खेपेला तितक्याच ठामपणे सांगायच्या. कुणी घाई केली तर एक वाक्य ठरलेलं: "जल्दी असेल तर सिमेंटचं काम बघ."

घरी त्यांचे दादा, म्हणजे थोरले भाऊ, वैदिक. सोवळं कडक. आणि घरात हवेशीर, सावलीची खोली एकच, देवघराच्या अलीकडची. प्रयोगशाळेच्या खोलीवर पत्रे, उन्हाळ्यात भट्टी. तपासणीची माती सावलीत वाळायला हवी, तिला ऊन लागता कामा नये, असा आत्यांचा हट्ट. त्यामुळे महत्त्वाचे नमुने त्या घरी आणून त्या खोलीत कागदावर पसरायच्या. दादा रोज ओरडायचे, "देवाच्या दारात ही कुणाकुणाची माती!" आत्या रोज म्हणायच्या, "देवाच्या दारात आणखी काय आणायचं, दादा?" वहिनी दोघांच्या मधून पाणी घेऊन जायच्या. हा संवाद मी कितीदा ऐकला, पण आवाज कुणाचाच चढायचा नाही. दादा तेवढं बोलले की त्यांचं कर्तव्य संपायचं.

या वाळवणातूनच ती फुलमतीची गोष्ट झाली.

फुलमती रामनगरच्या पुढच्या एका गावची. नवरा सुरतला कापडगिरणीत, ती सासऱ्यांबरोबर शेती करायची. चैत्र संपत आला होता, गहू निघाले होते. ती एकटीच प्रयोगशाळेत आली, जुन्या साडीच्या तुकड्यात माती बांधून. गाठोडं टेबलावर ठेवलं आणि उभीच राहिली.

"बस ना," आत्या हिंदीत म्हणाल्या.

"बुआजी, जल्दी बता दीजिए. मिट्टी जिंदा है कि मर गई."

मग तिने सांगितलं ते असं. शेत दरवर्षी जास्त खत मागत होतं आणि कमी पिकत होतं. शेजारची शेतं एकेक करून वीटभट्टीवाल्याने घेतली होती. विकत नव्हे, फक्त वरची माती. दोनतीन हात खोल माती काढून न्यायची आणि खड्डा मालकाला परत करायचा. तिचा दीर मागे लागला होता, आपलंही देऊन टाकू, नाहीतरी त्यात आता काय उरलंय. सासरे मधल्यामध्ये. त्यांनी म्हटलं होतं, सरकारी तपासणीत माती मेली असं निघालं तर देऊ, नाहीतर बघू.

आत्यांनी गाठोडं सोडलं, कुठून कुठून माती घेतली ते खोदून खोदून विचारलं. फुलमतीने सगळं बरोबर केलं होतं. "आठवड्याने ये," म्हणाल्या, आणि तो नमुना स्वतः घरी नेला.

दोन दिवसांनी सकाळी मी त्यांच्याकडे गेले तर घरात वेगळाच सन्नाटा. नाशिकहून दादांचे यजमान आले होते, त्यांना पार्थिवपूजा करायची होती. मातीची लहान लहान शिवलिंगं करून पूजायची आणि मग गंगेत सोडायची. ऊन मी म्हणत होतं. घाटाच्या पायऱ्या उतरून माती आणायला कोण जाणार? वहिनींना देवघराच्या दाराशी कागदावर छान चाळलेली, मऊ, स्वच्छ माती दिसली. त्यांनी ती भिजवली, मळली. पूजा यथासांग झाली. मी पोचले तेव्हा यजमान विसर्जन करून घाटावरून परत येत होते.

आत्या रिकाम्या कागदाकडे बघत उभ्या होत्या.

"वहिनी," त्या अगदी हळू म्हणाल्या, "फुलमतीचं शेत शंकर होऊन गंगेत गेलं की गं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. दादा म्हणाले, "याहून चांगली गती कुठल्या शेताला मिळाली नसती." आणि मग बहिणीचा चेहरा बघून गप्प झाले. कारण आत्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

"ती रोज वाट बघत असेल," त्या म्हणाल्या. मग पदर खोचला, बादली उचलली. "चल. आपणच जाऊ."

शिपायाला पाठवता आलं असतं. फोन करून तिला पुन्हा बोलावता आलं असतं. पण आत्या पुलावरून टेम्पोत बसून, भर दुपारी, निळी बादली मांडीवर घेऊन निघाल्या आणि मी त्यांच्यासोबत. आता वाटतं, बरं झालं. नमुना शाबूत राहिला असता तर आम्ही एक छापील कागद दिला असता, आणि तो कागद वाचून सासऱ्यांनी काय ठरवलं असतं कोण जाणे.

शेतावर पोचलो तेव्हा कळलं की फुलमतीने सांगितलं त्यात अतिशयोक्ती काहीच नव्हती. दोन्ही बाजूंच्या शेतांची माती गेली होती. पिवळे, टणक खड्डे. मध्ये फुलमतीचं शेत एखाद्या ओट्यासारखं वर उभं. लांबवर भट्टीची चिमणी. सासरे बाजेवर बसले होते, उठून उभे राहिले. दीर मोबाईल बघत होता, तो बघतच राहिला.

आम्ही नमुना घेतला. तेवढ्यात मोटरसायकलवरून भट्टीवाला आला. बुआजी आल्याचं त्याला कुणीतरी सांगितलं असावं. माणूस वागायला अदबीचा. आत्यांसाठी घरातून खुर्ची मागवली.

"बुआजी, आप रिपोर्ट बनाइए, हम ईंट बनाएँगे. झगड़ा क्या है?"

"झगड़ा काहीच नाही," आत्या म्हणाल्या, आणि पुढचं हिंदीत बोलल्या ते मला जसंच्या तसं आठवतं. माझं घरसुद्धा विटांचंच आहे, त्या म्हणाल्या. वीट तर लागणारच. पण तू वरची हातभर माती आधी बाजूला काढून ठेव, खालची ने, मग वरची परत पसर. शेतही राहील, वीटही होईल.

"इसमें तो दुगुनी मेहनत है, बुआजी," तो हसला.

"हाँ. है तो."

तो नमस्कार करून निघून गेला. आत्या सासऱ्यांकडे वळल्या आणि त्यांनी दोन काचेचे पेले आणि पाणी मागितलं. एक ढेकूळ शेताच्या मधून घेतलं, एक बांधावरच्या दुर्वांच्या मुळाशी होतं तिथून. दोन्ही पेल्यांत एकेक सोडलं. शेतातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, पाणी गढूळ झालं, तळाशी नुसता चिखल. बांधावरचं ढेकूळ तसंच बसून राहिलं, पाणी स्वच्छ. 

"माती एकच," आत्या म्हणाल्या. "बांधावरचीला दरवर्षी गवताची मुळं, पालापाचोळा खायला मिळाला. शेतातलीला तुम्ही फक्त युरिया, डीएपी दिलंत. भुकेली आहे ती. मेलेली नाही."

सासऱ्यांनी दोन्ही पेले जवळ ओढले. दीर म्हणाला, "जादू दाखवतात."

"मग तू कर," आत्यांनी त्याला पेला दिला. त्याने स्वतः दुसरं ढेकूळ आणून टाकलं. तेही विरघळलं. सासरे म्हणाले, "एक साल. बस एक साल."

तपासणीतही तेच निघालं. सेंद्रिय कर्ब अगदीच कमी. स्फुरद मात्र साठून राहिलेला, वर्षानुवर्षं डीएपी ओतल्यामुळे. जस्त नावाला. आत्यांनी सांगितलं, या उन्हाळ्यात धैंचा पेरा. हिरवळीचं पीक, वाढलं की भाताची लावणी करायच्या आधी नांगरून मातीतच गाडायचं. डीएपी नको, युरिया निम्मा, थोडं जस्त.

फुलमतीने पेरलं. धैंचा असा माजला की बघायला लोक यायचे. कमरेएवढा झाला तेव्हा तिने फोन केला, गाडू का? आत्या म्हणाल्या, आणखी थोडा वाढू दे. आणि तिथेच चुकलं. पाऊस जो लागला तो थांबेना. ट्रॅक्टर शेतात जाईना. उघडीप मिळेपर्यंत धैंच्याचे देठ लाकडासारखे झाले होते. खालच्या अंगाला ते नीट कुजलेच नाहीत आणि तिथला भात लावल्यावर पिवळा पडला. गावभर बोभाटा झाला. दीर सगळ्यांना सांगत सुटला की शहरातल्या बुआजीने शेत घालवलं.

आम्ही गेलो तेव्हा सासऱ्यांच्या दारात माणसं जमली होती. मला वाटलं आत्या पाऊस पुढे करतील. पाऊस पुढे केला असता तर कुणी काही म्हणालं नसतं. त्या बाजेवरसुद्धा बसल्या नाहीत.

"ढैंचे की गलती नहीं है," त्या म्हणाल्या. "गलती मेरी है. यह पूछ रही थी, गाड़ दूँ? मैंने कहा रुको. मुझे लालच आ गया."

फुलमती दाराआड उभी होती, ती बाहेर आली आणि आत्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली. एवढंच.

मग आत्यांनी सांगितलं की खालच्या पट्ट्याला थोडा युरिया द्या, कडक देठ कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतात, म्हणून भात पिवळा आहे. त्यावर सासरे जे हसायला लागले ते थांबेनात. "अब आप ही यूरिया माँग रही हैं!"

"मी कधी म्हटलं ते जहर आहे?" आत्या म्हणाल्या. "नमक आहे. डाळीत घालायला हवंच. पण तुम्ही ताटात नुसतं मीठच वाढत होतात."

गुडघाभर चिखलात उतरून त्यांनी फुलमतीबरोबर तो पट्टा फिरून पाहिला. साठीला टेकलेल्या बाई. मग टेम्पोने परत निघालो. घराजवळच्या ब्रह्माघाटाच्या गल्लीच्या तोंडाशी उतरल्यावर आत्या कचोरीच्या दुकानासमोर थांबल्या. "भूक लागलीय," म्हणाल्या. "चुकल्यावर मला फार भूक लागते."

भात झाला. आधीच्या वर्षांपेक्षा जास्त नाही झाला, पण कमीही नाही, आणि खत निम्म्यात भागलं. सासऱ्यांना त्याने फारसं काही वाटलं नाही. खरी गंमत झाली थंडीत. त्या शेतात वाटाणा पेरला की पाणी दिल्यावर दरवर्षी वर पापुद्रा धरायचा, अंकुर आतच घुसमटायचे. त्या वर्षी पापुद्रा धरलाच नाही. वाटाणा एकसारखा वर आला. फुलमतीने फोनवर सांगितलं, "बुआजी, बाबूजी सकाळी पेला घेऊन एकटेच शेतात गेले होते. मला वाटलं चहा प्यायला. बघते तर पेल्यात ढेकूळ!" आत्यांनी तो फोन मला ऐकवला, दादांना ऐकवला, वहिनींना ऐकवला. दादा म्हणाले, "शंकराची कृपा. त्यानेच तुला त्या गावी पाठवलं." आत्या म्हणाल्या, "शंकराने नाही, वहिनीने." 

शेत भट्टीला गेलं नाही. पुढच्या वर्षी धैंचा वेळेवर गाडला गेला. दीरच ट्रॅक्टरवर होता. वरच्या ओट्याच्या कडा पावसात ढासळू नयेत म्हणून फुलमतीने चारी बाजूंना खसगवत, म्हणजे आपला वाळा, लावलं. आता आसपासच्या बायका तिच्याकडे जातात, आणि ती त्यांना शेतात नागमोडी चालायला लावते असं मी ऐकते. रागावते म्हणे फार.

आत्या निवृत्त झाल्या त्या दिवशी ऑफिसने समारंभ ठरवला होता. त्यांनी शाल नको, भाषणं नकोत असं सांगून ठेवलं. लोकांनी ऐकलं नाही. भाषणं चालू असताना एक म्हातारा शेतकरी पिशवी घेऊन दारात येऊन उभा राहिला. आत्या व्यासपीठावरून उतरल्या, त्याला घेऊन आत गेल्या, आणि पाऊण समारंभ त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर झाला. बोलणाऱ्यांनी खुर्चीकडे बघून त्यांचे गुण सांगितले.

मी त्यानंतर इथेच राहिले. त्यांच्या टेबलावर आता मी बसते. नवीन मुलं रुजू झाली की नखं बघते, ती हसतात. आत्यांचे गुडघे गेले. दुर्गाघाटाच्या पायऱ्या आणि गल्ल्या म्हाताऱ्या माणसासाठी नाहीत आणि गाडी तिथे येत नाही. त्यामुळे त्या वरच्या मजल्यावरच असतात. रविवारी मी जाते. वहिनी चहा करतात, दादा आत जप करतात, आत्या मला आठवडाभरातल्या नमुन्यांबद्दल विचारतात आणि माझ्या सल्ल्यांत चुका काढतात. मजेत आहेत. कमी ऐकू येतं, त्यामुळे दादांचं ओरडणंही एकतर्फी झालंय.

मागच्या माघात एका रविवारी मी तिथे असतानाच जिन्यावर कुणीतरी दमत चढत आल्याचा आवाज आला. दारात तो भट्टीवाला. मी आधी ओळखलंच नाही. केस पांढरे, पाठ वाकलेली. हातात कापडी पिशवी.

"बुआजी, पहचाना?"

आत्यांनी ओळखलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ऐकवणार. इतक्या वर्षांचं काय काय साठलं असेल.

"बस," आत्या म्हणाल्या. "पानी पी पहले."

तो बसला. भट्टी बंद केली, म्हणाला. मुलगे दिल्लीला गेले. एक शेत घरच्याच मालकीचं, त्यातलीही माती त्याने स्वतःच काढली होती, सुरुवातीच्या काळात. आता बायकोच्या मनात आहे तिथे आंबा लावायचा. इथल्या लंगडा आंब्याची रोपं लावली, दोनदा. दोन्हीदा वाळली. त्याने पिशवी पुढे केली.

आत्यांनी माती तळहातावर घेतली. पिवळी, चिकट, दगडासारखी. बोटांनी फोडायला बघितली, फुटली नाही. कागदावर ओतून त्यांनी ती बराच वेळ नुसती हलवली.

"नमुना किसने लिया?"

"हमने खुद. जैसे आप उस दिन ले रही थीं. मैं दूर से देख रहा था."

"ठीक लिया है," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं होते, मला हे वाक्य दोनतीनदाच मिळालं असेल.

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. तळ्याचा गाळ, शेण, धैंचा, ताग, मंदिरांतली निर्माल्याची फुलं कुजवून. पावसाचं पाणी अडवायचं म्हणजे ते स्वतःबरोबर थोडी माती आणेल. आंबा इतक्यात नाही. आधी नुसतं गवत. कितीतरी वर्षं विकायला काहीही मिळणार नाही.

त्याने ऐकून घेतलं. मग खाली बघत विचारलं, "बुआजी, मेरे रहते हो जाएगी?"

आत बसलेल्या दादांचा जप थांबला होता.

"नहीं," आत्या म्हणाल्या. "तेरे रहते नहीं होगी. मेरे रहते तो बिलकुल नहीं." 

तो मान हलवत राहिला.

आत्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठून उभ्या राहिल्या. मी धरायला धावले. "तुला आज सुट्टी आहे ना?" त्यांनी मला विचारलं. "मग चल. बांध कुठे घालायचा ते खड्ड्यात उतरल्याशिवाय नाही कळत."

"आत्या, तुमचे गुडघे—"

"गुडघे घरी ठेवून येते का मी?"

दादा बाहेर आले. ओरडतील असं वाटलं. त्यांनी आपली काठी आत्यांच्या हातात दिली.

जिना उतरायला आम्हाला फार वेळ लागला. पुढे भट्टीवाला, एकेका पायरीवर मागे वळून बघत, मागे मी. गल्लीत लोक बाजूला होत होते, नमस्कार करत होते. रस्त्यावर आल्यावर ई-रिक्षा मिळाली, मग त्याची गाडी. शेतावर पोचलो तेव्हा थंडीचं कोवळं ऊन खड्ड्याच्या एका अंगाला पडलं होतं. उतरायला त्याने मातीच्या पायऱ्या कोरल्या होत्या. आत्या बसून, एकेक पायरी सरकत खाली गेल्या. साडी सगळी पिवळी झाली.

तळाशी बसून त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. वरच्या शेतातून पाणी कुठून येतं ते विचारलं, उतार कुठे आहे ते विचारलं. मग ईशान्येच्या कोपऱ्याकडे काठी केली.

"इथून सुरू कर," त्या म्हणाल्या.

भट्टीवाल्याने धोतर खोचलं, कुदळ उचलली आणि पहिला घाव घातला.